टॉकीज कधी गप्प झाली?

सोलापूरचं पब्लिक टॉकीजमध्ये फार आवाज करतं, असं बाहेरून आलेले पाहुणे म्हणतात. करतंच. हिरोच्या एन्ट्रीला शिट्ट्या पडतात, गाण्याला पडद्यापुढच्या मोकळ्या जागेत नाच सुरू होतो, व्हिलनला यथेच्छ शिव्या बसतात आणि पडद्यावर कुणी उगीच ताणत असेल तर मागून कुणीतरी "आवर की आता!" म्हणून सांगून टाकतं. मला हे सगळं मनापासून आवडतं. जिथं माणसं तोंड मिटून पिच्चर बघतात तिथं मला करमत नाही.

पण हा आवाज ऐकत मोठी झाल्यामुळंच माझं एक मत पक्कं झालंय. पिच्चर पब्लिकला आवडला का, ते आवाजावरून कळतं. पिच्चर मोठा आहे का, ते हॉल कुठं गप्प झाला त्यावरून कळतं. शिट्टी नुसत्या स्टारच्या नावावरही मिळते. पाचशे माणसांना एकाच क्षणी गप्प करायचं तर दिग्दर्शकाकडं आतून काहीतरी असावं लागतं. म्हणून कुणी "कसा आहे गं पिच्चर?" असं विचारलं की गोष्ट, गाणी, ॲक्टिंग यांच्या आधी मला ती जागा आठवते.

मी शहराच्या पूर्व भागात वाढले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने, चादरी आणि टॉवेल. दिवसरात्र खटखट. त्या आवाजात आम्ही अभ्यास केला, झोपलो, भांडलो, आणि तो आवाज आम्हाला कधी ऐकूच आला नाही. ऐकू यायचा तो लाईट गेल्यावर. सगळे माग एकदम थांबायचे आणि घरातला प्रत्येक जण हातातलं काम सोडून वर बघायचा. टॉकीजमधली शांतता मला तशीच वाटते. आधी किती आवाज होता ते ती आल्यावरच समजतं.

'सैराट'बद्दल लिहिल्याशिवाय सोलापूरच्या माणसाला सिनेमावर लिहिता येणार नाही, आणि मला तर अजिबात नाही. नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातल्या जेऊरचे, आकाश ठोसर करमाळा तालुक्यातला, रिंकू राजगुरू अकलूजची. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला तेव्हा बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडावं असं ऊन होतं. जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं गाड्या करून आली होती. पहिल्या अर्ध्या भागात संवाद ऐकू येत नव्हते, कारण पडद्यावरची माणसं जे बोलत होती ते आमचंच बोलणं होतं आणि प्रत्येक वाक्याला हॉल उत्तर देत होता. आपल्या जिल्ह्याची बोली हिरो-हिरोइनच्या तोंडी! याआधी ती विनोदी नोकराच्या किंवा तमाशातल्या सोंगाड्याच्या वाट्याला यायची. इथं त्याच बोलीत एक मुलगी बुलेट चालवत होती, ट्रॅक्टर चालवत होती आणि स्वतःहून प्रेमात पडत होती.

गाणी लागली की कुणी जागेवर बसत नव्हतं. अजय-अतुल यांनी या सिनेमाच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद घेतला होता. करमाळ्याच्या विहिरी, उसाचे फड, माळरान यांच्यावर ते सूर पसरायला लागले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्या रखरखीत माळाला इतक्या इतमामानं कुणी सजवलं नव्हतं. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्यानं तो माळ बघितला आणि मग परतीच्या एसटीत खिडकीतून आम्हीही तो नव्यानं बघायला लागलो.

इंटरव्हलनंतर पिच्चर हैदराबादला जातो. अनेकांची तक्रार तिथून सुरू होते: लांबला, रटाळ झाला, गाणी संपली. मी या मताशी आजवर भांडत आले आहे. पत्र्याची खोली, कपभर दूध, सार्वजनिक संडास, स्वयंपाक न येणारी आर्ची, संशय, एक थप्पड. प्रेमाच्या पिच्चरमध्ये जिथं शेवटची पाटी येते तिथून पुढं दोन माणसांना जगावं लागतं, ते या भागात आहे. हा भाग कापला तर उरतं ते छान गाण्यांचं एक स्वप्न.

याच भागात आमच्या हॉलमध्ये एक गोष्ट घडली, जी मला वाटतं महाराष्ट्रात दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी घडली असेल. हैदराबादमधली माणसं पडद्यावर तेलुगू बोलायला लागली. आर्चीला ती भाषा येत नाही, ती बावरलेली आहे. हॉलमधल्या माझ्यासारख्या मराठी बायकाही तशाच बावरल्या. पण सोलापूरच्या पूर्व भागात विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाची कितीतरी घरं आहेत. त्यांच्या घरात आजही तेलुगू बोलतात. तेव्हा अर्धा हॉल त्या संवादांना हसत होता आणि अर्धा हॉल हसणाऱ्यांकडं बघत होता. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली अक्का बसलेली. ती विड्या वळते, तेलुगू पिच्चर सोडत नाही आणि 'सैराट'ला माझ्या आग्रहानं आलेली. मी विचारलं, "काय म्हणाली गं ती?" अक्का म्हणाली, "थांब की. तिला पण कुठं कळलंय अजून?" आर्ची आणि मी एकाच ठिकाणी बसलो आहोत हे मला त्या उत्तरानं समजलं. पुढं आर्ची तेलुगू शिकते, बाटल्यांच्या कारखान्यात त्या भाषेत बोलते, तेव्हा अक्कानं मान डोलावली. शाळेतल्या बाईंनी पोरीला पास करावं तशी.

मग शेवट. आता तो सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहिते. माहेरची माणसं आहेर घेऊन येतात, चहा होतो. शेजारीण लेकराला फिरवून आणते आणि दारात सोडते. त्यानंतर मंजुळ्यांनी सिनेमातला आवाज पूर्ण काढून घेतलाय. किंकाळी नाही, व्हायोलिन नाही, लेकराचं रडणंसुद्धा दिसतं, ऐकू येत नाही. ते लेकरू चालत जातं आणि फरशीवर त्याची लाल पावलं उमटत राहतात.

जो हॉल अडीच तास बोलत होता, त्याच्यात भिंतीवरच्या पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. पुढं कुठंतरी एक बाळ कुरकुरलं आणि त्याच्या आईनं ते छातीशी घट्ट धरलं, तिच्या बांगड्या वाजल्या, तेही ऐकू आलं. डोअरकीपरनं नेहमीप्रमाणं दारं उघडली, उजेड आत आला, तरी कुणी उठेना. झिंगाटला पुढं जाऊन नाचलेली पोरं गुडघ्यावर कोपरं टेकून बसली होती. मराठीतला पहिला शंभर कोटींचा सिनेमा म्हणून 'सैराट'चं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण माझ्या लेखी त्याची कमाई त्या गप्प बसलेल्या पोरांमध्ये आहे. ज्या जातीच्या गर्वावर एरवी आपल्याकडं फटाके वाजतात, तोच गर्व हातात काय घेऊन येतो ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पहिल्या भागातला सगळा जल्लोष मंजुळ्यांनी जाणूनबुजून आमच्याकडून करवून घेतला. आम्ही नाचलो नसतो तर शेवटाला आम्हाला इतकं लागलं नसतं.

ही त्यांची जुनी रीत आहे. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला आला, म्हणजे व्हॅलेंटाईन डेला, आणि कित्येक जोडपी पोस्टरवरच्या शाळकरी प्रेमाकडं बघून आली होती. मी गेले तेव्हा हॉल बऱ्यापैकी रिकामा होता. डुकरं पकडण्याचा लांबलचक प्रसंग सुरू झाला. गावानं खालच्या जातीचं ठरवलेल्या घरातला शाळकरी जब्या, त्याचे आईवडील, बहिणी डुकरामागं धावताहेत, गावकरी मजा बघताहेत, हसताहेत. आणि हॉलसुद्धा हसत होता. मीही हसले, कारण ते घडतंच तसं. तेवढ्यात पडद्यावरच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा. बाप उभा. डुक्कर त्यांच्यासमोरून निवांत निघून जातं.

हॉलमध्ये कुणाला काय करावं कळेना. महाराष्ट्रात पिच्चरआधी राष्ट्रगीत लागतं, आपण उठतो, ते संपलं की बसतो. इथं ते गोष्टीच्या मध्यात आलं होतं. पुढच्या रांगेतले दोघं उठून उभे राहिले. एक बाई अर्धवट उठली आणि तशीच थांबली. आणि हसणं कुठल्या कुठं गेलं. सगळ्यांसोबत उभं राहायचा मान ज्या घराला फक्त त्या बावन्न सेकंदांपुरता मिळतो, त्या घराकडं आम्ही सगळे बघत होतो, आणि आधीची दहा मिनिटं त्यांनाच हसत होतो. पुढं तेच डुक्कर बांधून बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं रंगवलेल्या भिंतीवरून नेतात. आणि अगदी शेवटी जब्या दगड फेकतो तो थेट कॅमेऱ्यावर, आपल्यावर. अंधार. टीव्हीवर तो दगड काचेवर आपटल्यासारखा वाटतो. तीस फुटी पडद्यावरून तो आला तेव्हा माझी मान खरंच मागं गेली. किशोर कदम यांनी त्यात बापाचं काम केलंय. हातात कायम काहीतरी ओझं असलेला, वाकलेला बाप. मराठी सिनेमातलं इतकं थोडक्या शब्दांचं आणि इतकं भरलेलं काम मी फार कमी बघितलंय.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला तर जेमतेम दोन-तीन रांगा भरल्या होत्या. राष्ट्रीय पुरस्कारात तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता आणि एप्रिल २०१५ मध्ये आमच्याकडं काही दिवसांपुरता लागला. कॅमेरा हलत नाही. तो वर्गातल्या मागच्या बाकावरच्या शहाण्या पोरासारखा बसून राहतो आणि आपल्याला बघत बसायला लावतो. कोर्टातली माणसं येतात, तारीख घेतात, जातात. वीरा साथीदार यांचा लोकशाहीर गातो तेव्हा पडद्यात जीव येतो आणि पुन्हा कागदांमध्ये विरून जातो. शेवटाकडं कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, शिपाई दिवे बंद करतो आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळा राहतो. आमच्या हॉलमधली माणसं उठली. चपला शोधल्या, पिशव्या उचलल्या, दोघंतिघं दारापर्यंत पोचली. आणि पडद्यावर पुन्हा उजेड आला: न्यायाधीश सहलीला निघालेत. दारातली माणसं तिथंच उभी राहून उरलेला सिनेमा बघत राहिली, पिशव्या हातात धरून. न्यायालय संपलं असं आपण समजतो, पण न्याय करणारा माणूस घरी जातो, जेवतो, सल्ले देतो, झोपतो, हे त्या उभ्या राहिलेल्या माणसांना बसलेल्यांपेक्षा जास्त नीट दिसलं असणार. घरी सोफ्यावर 'कोर्ट' बघणाऱ्यांना मी नेहमी सांगते, तो अंधार पुढं ढकलू नका.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हिला फक्त गंभीर सिनेमे आवडतात. अजिबात नाही! राजामौलींचा 'आरआरआर' मी अक्कासोबत तेलुगूतून बघितला, मार्च २०२२ मध्ये, आणि करोनाच्या त्या दोन वर्षांनंतर भरगच्च हॉलमध्ये बसण्याचा आनंद काय असतो ते तेव्हा पुन्हा कळलं. पूर्व भागातलं तेलुगू पब्लिक सणाला आल्यासारखं येतं. टॉकीजच्या दारात ढोल, फटाके, पोस्टरला हार. आत शिरेपर्यंत घसा बसलेला असतो. अल्लुरी सीताराम राजू आणि कोमरम भीम हे दोघं खरे लढवय्ये. एकानं रम्पाच्या डोंगरात १९२२ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला, दुसऱ्यानं निजामाविरुद्ध गोंडांचा लढा उभारला. प्रत्यक्षात ते कधी भेटले नाहीत. भेटले असते तर, या एका 'तर'वर राजामौलींनी तीन तासांचा डोलारा उभा केलाय.

त्यातला पुलाचा प्रसंग आठवा. खाली नदीत आगीच्या वेढ्यात पोरगं, वर पुलावर एक जण, काठावर दुसरा. दोघं अनोळखी, आणि अंतर एवढं की ओरडून काही पोचणार नाही. मग हाताच्या खुणा. बस्स. एकही शब्द न बोलता दोन माणसांची जन्माची मैत्री जुळते आणि तीही दोराला लोंबकळत. ज्याला सिनेमा ही गोष्ट कळलीय तोच असा प्रसंग रचू शकतो. मोठ्या पडद्यावर त्या दोघांमधलं अंतर खरंच अंतर वाटतं, म्हणून त्यांचे हात एकमेकांना मिळाल्यावर हॉल फुटला. 'नाटू नाटू'ला पुढं २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं, पण आमच्याकडं त्याचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. पहिल्या रांगेतली पोरं त्या स्टेपवर पडली, उठली, पुन्हा नाचली.

आणि याच दणदणाटात ती जागा आली. भीमला खांबांमध्ये बांधून चाबकानं मारतात, गुडघे टेक म्हणतात, आणि तो गायला लागतो. लोकगीताच्या चालीचं ते गाणं. मला एकही ओळ धड कळत नव्हती. अक्काला कळत होती. तिनं माझा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. शिट्ट्या थांबलेल्या, मोबाईल खाली गेलेले. मी ओठ हलवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडं बघत होते. ज्यांच्या आजा-पणजांनी ते तेलंगण सोडून सोलापूरचा माग धरला, त्यांना त्या गाण्यात काय ऐकू आलं असेल ते मी सांगू शकत नाही. गाणं संपल्यावर अक्का एवढंच म्हणाली, "आमच्या आज्जीची भाषा आहे ती." उत्तरार्ध मला थोडा ढिला वाटतो, इंग्रज अधिकारी तर सगळे एकाच साच्यातले, आणि इंटरव्हलला आग विरुद्ध पाणी अशी टक्कर झाल्यावर त्यापुढं काहीही दाखवलं तरी ते कमीच पडणार होतं. तरीही, गोंगाटाचे पिच्चर हलके असतात असं जे म्हणतात त्यांनी तो चाबकाचा प्रसंग भरल्या हॉलमध्ये बघितलेला नाही.

'कांतारा'ला मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मैत्रिणीला घेऊन गेले, कारण तिच्या घरी कन्नड बोलतात. मला वाटलं, ती मला सगळं समजावेल. पहिल्या दहा मिनिटांत तीच म्हणाली, "ही आमची कन्नड नव्हे गं." खरंच होतं. तो किनारपट्टीचा तुळुनाडू, तिथली बोली वेगळी, दैवं वेगळी. आमच्याकडं विजयपूर-कलबुर्गीच्या बाजूची कन्नड. पण शेवटची हाणामारी आली, रिषभ शेट्टीच्या अंगात गुळिग दैव आलं आणि ती आरोळी उठली, तेव्हा दोघींनाही भाषेची गरज राहिली नाही. आणि आरोळीपेक्षाही मोठी जागा त्यानंतरच्या भूतकोलात, म्हणजे अंगात दैव घेऊन केलेल्या नाचात आहे. अंगात आलेला तो माणूस गावकऱ्यांचे आणि जंगल अधिकाऱ्याचे हात एकमेकांत देतो आणि छातीशी धरतो, शब्दाविना. देवाच्या कामाला निघालेल्या घरांमध्ये, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेणाऱ्यांमध्ये वाढलेलं आमचं पब्लिक तिथं काय घडतंय ते नेमकं ओळखून होतं. एका आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. पिच्चरमध्ये बायकांच्या वाट्याला आलेलं लिखाण मात्र मला मुळीच पटलं नाही. नायिकेला चिमटा काढणं हे प्रेम म्हणून दाखवायचे दिवस गेले. त्यावर आम्ही दोघी सात रस्त्यापर्यंत चालत बोलत राहिलो.

'बाईपण भारी देवा' मला सिनेमा म्हणून मध्यम वाटतो. २०२३ च्या पावसाळ्यात तो लागला आणि शहरातल्या बायका गटागटानं, ठेवणीतल्या साड्या नेसून गेल्या. भिशीचा ग्रुप, भजनी मंडळ, शाळेतल्या बाई, सुना आणि सासवा. इतक्या बायका एकाच हॉलमध्ये मी कधी बघितल्या नव्हत्या, आणि रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांच्या प्रत्येक टोल्याला जी दाद मिळाली ती ऐकून मी सुखावले. पण सहा बहिणींचं प्रत्येक दुःख तिथं शब्दांत सांगून टाकलंय आणि लगेच वर संगीत ओतलंय. हॉलला गप्प व्हायला जागाच ठेवलेली नाही. ज्या बाईला स्वतःचं काही आठवलं असेल तिला ते आठवायला चार सेकंद तरी द्यायला हवे होते. ते चार सेकंद बायकांनी नंतर स्वतः मिळवले. शो सुटल्यावर पार्किंगमध्ये घोळके करून उभ्या होत्या, कुणी घरी जाईना.

याउलट 'एलिझाबेथ एकादशी'. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, वारीच्या पिच्चरमध्ये ते कायम टाळ-मृदंगाच्या गजरात दिसतं. परेश मोकाशींनी २०१४ मध्ये त्याच पंढरपुरात एका पोराची सायकल, आईचं स्वेटर विणायचं मशीन आणि डोक्यावरचं कर्ज एवढंच ठेवलं. यात्रेच्या गर्दीत पोरं धंदा मांडतात तेव्हा हॉलमधली शाळकरी पोरं पुढं सरकून बसली होती. हा पिच्चर ज्यांनी बघितला नाही त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं.

शांततेला यंत्राचीही साथ लागते, हे मला उशिरा समजलं. पूर्वी रिळावर चित्राच्या शेजारी आवाजाची पट्टी छापलेली असायची. रीळ जुनं झालं, त्यावर चरे पडले, धूळ बसली की त्या पट्टीतून सतत खरखर यायची. म्हणजे जुन्या टॉकीजमध्ये दिग्दर्शकानं कितीही शांतता ठेवली तरी ती खरखर तिच्यावर बसायचीच. डिजिटल आल्यापासून आवाज खरोखर शून्यावर जाऊ शकतो. 'सैराट'चा शेवट रिळाच्या काळात असा पोचला नसता. हॉलचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या डॉल्बीच्या प्रोसेसरवर ७ हा ठरलेला आकडा असतो, त्यावर ठेवलं तर सिनेमा बनवणाऱ्याला जसा हवा तसा ऐकू येतो. अनेक ठिकाणी मात्र तो आकडा कुणाच्या तक्रारीनुसार खाली-वर होत राहतो. परवा एका ठिकाणी आवाज इतका कमी होता की शेजारच्या पडद्यावरची मारामारी आमच्या प्रेमप्रसंगात येत होती. मी जाऊन सांगितलं, त्यांनी वाढवला. सांगावं. आपण पैसे चित्राचे देतो तसेच आवाजाचेही देतो.

आणि आजचे बरेच सिनेमे स्वतःच शांततेला घाबरतात. एक पात्र खिडकीतून बाहेर बघतंय, तरी खाली ढोल. दोघं भांडून गप्प झालेत, तरी खाली बासरी. प्रेक्षकानं मोबाईल काढू नये म्हणून हे चाललंय असं सांगतात. मला तर उलटं दिसतं. आवाज सतत चालू असला की माणूस निर्धास्तपणे मोबाईल काढतो. आवाज थांबला की तो दचकून वर बघतो.

अक्काला माझं हे सगळं मान्य नाही. तिच्या मते पिच्चरमध्ये गाणं नसेल तर पैसे परत द्यायला पाहिजेत, आणि 'सैराट'च्या शेवटाला एक अंगाई तरी ठेवायला हवी होती, त्या लेकरासाठी. मी म्हणते, अंगाई ठेवली असती तर आपण रडून मोकळे झालो असतो. ती म्हणते, "मग मोकळं व्हायलाच जातात की लोक." यावर आमचं अजून मिटलेलं नाही. राजामौलींचा पुढचा पिच्चर लागेल तेव्हा पहिल्या दिवशीचा सहाचा शो, तेलुगूतूनच, हिंदी डबिंगचा नाही, एवढं मात्र दोघींचं ठरलंय. तिकिटं अक्का काढणार, कारण खिडकीवर तिच्या ओळखी आहेत. जागा मी निवडणार: खाली, मधल्या रांगेत, पब्लिकच्या बरोबर मध्ये.